पानावरची गाठ कुणाची? वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात या पानावर करंजाच्या पानाचा एक फोटो छापला होता, पानातून हिरवी बोटं उगवल्यासारख्या गाठी होत्या त्याच्यावर, आणि खाली एवढंच लिहिलं होतं की असं काही तुमच्या आजूबाजूला दिसलं तर कळवा. पत्रं आलीच, पण व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो जास्त आले, आंब्याच्या पानाचे, उंबराच्या पानाचे, मुळांचे, एक तर थेट इंग्लंडमधल्या पानाचा. सगळ्यांना उत्तर देणं जमणार नाही म्हणून सात प्रश्न निवडलेत. त्यातला पहिला जरा सविस्तर घेते, कारण बाकीच्या उत्तरांना त्याचा आधार लागणार आहे.

प्रश्न: मी मिरजेची, निवृत्त शिक्षिका. मुलगी इंग्लंडला लीड्सजवळ राहते. सप्टेंबरमध्ये नातीला घेऊन बागेत गेली होती तेव्हा ओकचं एक पान उचललं, त्याच्या खालच्या बाजूला बारीक गोल चकत्याच चकत्या, अगदी तांबड्या टिकल्या चिकटवाव्यात तशा. फोटो पाठवतेय. ही बुरशी आहे का? नातीनं पान हातात घेतलं होतं, काही होणार नाही ना?

उत्तर: ताई, बुरशी नाही, रोगही नाही, आणि नातीला काहीही होणार नाही, निर्धास्त राहा. त्या टिकल्या म्हणजे घरं आहेत. एकेका टिकलीत एकेक अळी, आणि तिची आई म्हणजे अडीच-तीन मिलिमीटरची एक काळपट गांधीलमाशी. गांधीलमाशी म्हटलं की आपल्याला वळचणीला पोळं करणारी आठवते, पण ही माणसाच्या वाटेला जात नाही, हिच्याकडे जी सुई असते ती अंडं घालायची.

होतं काय की ही माशी ओकच्या कोवळ्या भागात अंडं ठेवते, अंड्यातून अळी निघते आणि अळीच्या अंगातून जे स्राव येतात त्यामुळे त्या जागेवरच्या पेशी पानासारखं वाढायचं सोडून भलत्याच तऱ्हेनं वाढायला लागतात, आतल्या बाजूला अळीला खायला मऊ पौष्टिक थर, बाहेरून संरक्षणाला कडक किंवा तुरट थर. सगळं सामान झाडाचं, वाढवतंही झाडच, पण आकार कसा व्हायचा ते ठरतं किड्यावरून. आणि म्हणूनच ओळखता येतं. प्रत्येक जातीची गाठ वेगळी, इतकी वेगळी की माशी न बघता नुसत्या गाठीवरून जात सांगतात, माशीवरून सांगणं उलट जास्त अवघड.

तुमच्या फोटोत चकती साधारण मसुराच्या डाळीएवढी दिसतेय, मधे जराशी उंच आणि वर तांबूस लव. हिला तिकडे स्पँगल गॉल म्हणतात, गॉल म्हणजे गाठ, माशीचं नाव न्यूरोटेरस क्वेर्कसबॅकारम. फोटो मोठा करून बघितला तर कोपऱ्यात तीन-चार चकत्या मला वेगळ्या वाटल्या, लहान, मधे खड्डा आणि कडेनं सोनेरी रेशमाचा दोरा गुंडाळल्यासारखी कड. मुलीला परत बघायला सांगा, तशाच असतील तर ती सिल्क बटण, तिच्या चुलत बहिणीची, न्यूरोटेरस न्यूमिस्मॅलिसची. एकाच पानावर दोघी राहतात, भांडण नाही. आणि पानाच्या खालीच शिरेला चिकटून गोटीएवढा गोल, पिवळसर हिरवा आणि एका अंगानं लाल झालेला चेंडू मिळाला तर ती चेरी गॉल. फांदीवर कळीच्या जागी टणक तपकिरी गोटी असेल तर मार्बल गॉल, ही इंग्लंडची मूळची नव्हे, एकोणिसाव्या शतकात टॅनिनसाठी, म्हणजे तिच्यातल्या तुरट द्रव्यासाठी, मुद्दाम बाहेरून आणलेली. ओकच्या फळावर वेडावाकडा चिकट कंगोरेदार गोळा असेल तर नॉपर. म्हणजे बघा, पानाच्या खाली की फांदीवर की फळावर, नुसतं एवढं बघितलं तरी निम्मं ओळखून होतं.

आता खरी गंमत पुढे आहे. या टिकल्या पान गळायच्या सुमाराला सुटून खाली पडतात, वरून पालापाचोळा पडतो, ओलीनं त्या जरा फुगतात आणि अळी थंडीभर त्यातच वाढते. वसंतात त्यातून ज्या माश्या निघतात त्या सगळ्या माद्याच, नर नावालाही नाही, आणि त्या नराशिवायच अंडी घालतात, कळ्यांमध्ये. त्या अंड्यांच्या गाठी मात्र टिकलीसारख्या अजिबात होत नाहीत, तुऱ्यांवर आणि कोवळ्या पानांवर रसरशीत गोल मणी येतात, तासगावच्या बागेत मणी धरल्यावर बारीक द्राक्षं दिसतात ना तसे. त्या मण्यांतून जूनच्या आसपास नर आणि माद्या दोन्ही निघतात, आणि त्या माद्या परत पानाखाली अंडी घालतात, की परत टिकल्या. आईची गाठ एक, लेकीची दुसरी, नातीची परत आजीसारखी. कितीतरी दिवस शास्त्रज्ञ या दोन पिढ्यांना दोन वेगळ्या जाती समजत होते आणि दोन वेगळी नावं देत होते. हर्मन आडलर नावाच्या एका जर्मन डॉक्टरनं कुंडीत ओकची रोपं लावली, त्यांच्यावर माश्या सोडल्या आणि काय निघतं ते चिकाटीनं बघत बसला, त्याचं काम १८८१ मध्ये छापून आलं तेव्हा हा घोळ सुटला. मला या माणसाबद्दल फार आदर वाटतो, कारण यात यंत्र नव्हतं, काही नव्हतं, होती ती फक्त वाट बघण्याची तयारी.

मुलीला सांगा मे महिन्यात त्याच झाडाकडे नातीला परत न्या आणि तुऱ्यांवर मणी शोधा. आजी-नातीचं हे प्रकरण नातीला नक्की आवडेल.

प्रश्न: कराडहून लिहितेय. सूनबाई बाळंतपणाला माहेरी गेली नाही, इथंच आहे, म्हणून बाळगुटीचं सामान काष्ठौषधीच्या दुकानातून आणलं. त्यातल्या मायफळाला भोक आहे. मला वाटलं किडलंय, परत घेऊन गेले तर दुकानदार म्हणाला, काकू, मायफळाला भोक असतंच. खरं का? आणि हे कुठल्या झाडाचं फळ?

उत्तर: काकू, तुमचा प्रश्न वाचून मला इतका आनंद झाला की काय सांगू, कारण वरच्या ताईंना जे उत्तर दिलं ते तुमच्या सहाणेपर्यंत येऊन पोचलेलं आहे. मायफळ हे फळच नाही. ती ओकच्या झाडावरची गांधीलमाशीची गाठ आहे.

तुर्कस्तान, सीरिया, इराण या भागात एक बुटका ओक होतो, क्वेर्कस इन्फेक्टोरिया. त्याच्या कोवळ्या फांदीवर अँड्रिकस जातीची एक बारकी माशी अंडं घालते आणि तिथं बोराएवढी टणक गोल गाठ तयार होते, अंगावर बारीक टेंगळं असलेली. हलब म्हणजे ज्याला इंग्रज अलेप्पो म्हणतात त्या शहराच्या नावानं ती जगभर विकली जायची. म्हणजे आपल्या पिढ्यान्पिढ्या ज्या गाठीचे सहाणेवर वेढे देत आल्या ती सीरियाकडच्या डोंगरातली, एका माशीच्या अळीचं घर.

आता भोक. ते किडलेलं नाही, तो दरवाजा आहे. अळी आत वाढली, कोषात गेली, माशी झाली आणि दातानं भिंत पोखरून बाहेर पडली. तो दरवाजा एकच असतो, गोल, कडा स्वच्छ, जणू गिरमिटानं पाडलेला. ज्या गाठी माशी निघायच्या आधीच तोडून वाळवतात त्यांना भोक नसतं, त्या रंगानं निळसर हिरवट किंवा करड्या, हाताला जड, आणि चवीला जास्त तुरट. भोकवाल्या फिकट आणि हलक्या. म्हणून पूर्वीपासून व्यापारात बिनभोकाच्या गाठीला भाव जास्त. दुकानदार तुम्हाला अर्धं खरं बोलला, भोक असणं चूक नाही पण असतंच असंही नाही. मात्र मायफळाला वेडीवाकडी चार-पाच भोकं असतील आणि कागदावर आपटलं की पीठ पडत असेल, तर ती माशी नव्हे, साठवणीतली कीड, ते टाकून द्या.

एक करून बघा. बिनभोकाचं एखादं मायफळ बत्त्यानं अलगद फोडा. बरोबर मधोमध बारीक खोली दिसेल, तिची भिंत बाकीपेक्षा वेगळ्या रंगाची, आणि नशीब असेल तर आत वाळून गेलेली माशी. मी पहिल्यांदा फोडलं तेव्हा आतली माशी पाय पोटाशी घेऊन बसलेली होती, दरवाजा पाडायच्या आधीच गाठ तोडली गेली म्हणून तिथंच राहिलेली. ती मी अजून काडेपेटीत कापसावर जपून ठेवलीय.

आणि दुसरं, सहाणेवर मायफळ उगाळून चमचाभर पाणी वाटीत घ्या, त्यात गंजका खिळा टाकून ठेवा. काही तासांत पाणी निळसर काळं पडेल. गाठीतलं टॅनिन आणि लोखंड एकत्र आलं की शाई होते. मायफळ, हिराकस म्हणजे लोखंडाचा क्षार, आणि डिंक एवढ्यावर युरोपात हजार वर्षं लिहिणं चाललं, लिओनार्दो दा विंचीच्या वह्याही अशाच शाईतल्या. आपल्याकडे हेच काम हिरडा करायचा, तोही तसाच तुरट, आणि तो तर आपल्या महाबळेश्वरच्या जंगलातलाच.

गुटीचं सामान उघडलंच आहे तर काकडशिंगी आहे का बघा, शिंगासारखी वाकडी पोकळ. तीही शेंग नाही, तीही गाठच, पण माशीची नाही, हिमालयात पिस्त्याच्या भाईबंद झाडावर एका जातीचा मावा ती करतो.

शेवटी एक गोष्ट मनापासून सांगते, रागावू नका. आजचे बालरोगतज्ज्ञ पहिले सहा महिने फक्त आईचं दूध द्यायला सांगतात, पाणीसुद्धा नाही, आणि त्यांचं बरोबर आहे, सहाणेवरून काय काय पोटात जाईल ते सांगता येत नाही. मायफळ तुरट आहे, पोट बांधतं, म्हणून जुलाबावर ते वापरायची पद्धत पडली हे खरं, पण तुमच्या नातवाला द्यायचं की नाही हे आधी डॉक्टरांना विचारा. तोवर शाई करा.

प्रश्न: पाचगणीला आमच्या घरासमोर जुने सिल्व्हर ओक आहेत. ओकवर गाठी येतात असं वाचलं म्हणून दोन रविवार दुर्बीण, भिंग घेऊन शोधतोय, एकही सापडली नाही. औषध मारतात म्हणून का?

उत्तर: औषधाचा संबंध नाही दादा, सिल्व्हर ओक हा ओकच नाही. तो ऑस्ट्रेलियाचा, ग्रेव्हिलिया रोबस्टा, कुळ वेगळं, नुसतं नाव ओक. ओकच्या माश्यांना त्याच्याशी काही देणंघेणं नाही. खरा ओक सह्याद्रीत आपणहून उगवत नाही, तो बघायचा तर उत्तराखंडात बांजाच्या जंगलात जायला पाहिजे. पण तुम्ही राहता त्या भागात जांभळाची झाडं भरपूर आहेत, एक रविवार तिकडे द्या, कोवळी पानं भिंगाखाली धरा. जांभळाच्या पानावर सायला जातीचा, रस ओढणारा बारीक किडा गाठी करतो, वरून फोड आणि त्याच ठिकाणी खालून खळगा. रिकाम्या हातानं यायची वेळ येणार नाही बहुतेक.

प्रश्न: मी साताऱ्यात बारावी सायन्सला आहे. तुमचा करंजाचा फोटो बघून यवतेश्वर रोडला गेलो आणि पिशवीभर पानं आणली, करंज, आंबा, उंबर, सप्तपर्णी, सगळ्यांवर गाठी आहेत! पण सगळ्यांत गांधीलमाशी असेल का? गुगलवर गॉल टाकलं की सगळं ओकचंच येतं. ओळखायचं कसं?

उत्तर: शाब्बास, प्रश्न अगदी मुळाला धरून विचारलास. गुगलवर ओकच येतं कारण गाठी करणाऱ्या त्या गांधीलमाश्यांच्या कुळात तेराशेच्या वर जाती आणि त्यातल्या बहुतेक ओकवरच, आणि तिकडे त्याचा अभ्यासही जुना. इटलीतल्या माल्पिघीनं १६७९ मध्ये गाठींवर लिहिलं आणि त्या किड्याच्या अंड्यामुळे होतात हे दाखवलं. पण आपल्याकडची झाडं वेगळी, किडे वेगळे. भारतातल्या गाठींचं काम बघायचं असेल तर एम. एस. मणी हे नाव लक्षात ठेव, कॉलेजच्या लायब्ररीत विचार.

पहिला नियम, गाठीकडे बघायच्या आधी झाडाकडे बघ. झाड बरोबर ओळखलं तर यादी एकदम छोटी होते, कारण गाठ करणारे बहुतेक किडे एका झाडाशी किंवा त्याच्या जवळच्या भावंडांशीच बांधलेले असतात. उंबरावरचा किडा आंब्यावर जात नाही. तुझ्या पिशवीत सगळी पानं एकत्र आहेत, आधी ती वेगळी कर आणि प्रत्येकावर झाडाचं नाव, तारीख, जागा लिही, आज वाटतं लक्षात राहील पण राहत नाही.

मग करंज घे. गाठ नखाएवढ्या बोटासारखी, ताजी हिरवी, जुनी तपकिरी. वर बघून काही कळणार नाही, पान उलटं कर. प्रत्येक बोटाच्या बरोबर खाली बारीक तोंड दिसेल, कडेला लव. हे तोंड पहिल्यापासून उघडंच असतं, ते कुणी पोखरलेलं नाही, म्हणजे ही गाठ बंद खोली नसून पानाला पडलेली पिशवी आहे, मोज्याचं बोट आत ढकलावं तशी. आता ब्लेडनं बोट उभं चिर. अळी दिसणार नाही. आतल्या भिंतीवर केस दिसतील आणि दहापट भिंगातून बघितलं तर केसांच्या मधे पांढरट धुळीसारखे कण, नीट टक लावून बघ, कण हलतील. ते कोळी. जाळं करणारा कोळी नव्हे, शेतकरी ज्याला लाल कोळी म्हणतात त्याच्या नात्यातला पण त्याहून कितीतरी बारीक, मिलिमीटरचा पाचवा भाग, गाजरासारखं निमुळतं अंग आणि पाय फक्त चार. असेरिया पोंगॅमी त्याचं नाव. म्हणजे मागच्या अंकातल्या फोटोचं उत्तर गांधीलमाशी नव्हतं, ज्या ज्या वाचकांनी तसं लिहिलं त्यांनी आता पान उलटून बघावं.

आंब्याचं पान घे. डाळीएवढे चपटे फोड, पानाच्या दोन्ही बाजूंनी उचललेले, तोंड कुठंच नाही. फोड आडवा काप, आत एकच पिवळट अळी, पाय नाहीत, डोकं असं वेगळं कळत नाही. ही मिजमाशीची, म्हणजे डासाच्या जवळच्या नात्यातल्या नाजूक माशीची. जुन्या फोडाला सुईच्या टोकाएवढं भोक असेल तर माशी उडून गेलीय. भातावर गादमाशी येते आणि चंदेरी पोंगे पडतात ते पाटण-जावळीकडच्या शेतकऱ्याला विचार, ती पण याच घरातली.

उंबर आणि सप्तपर्णीच्या गाठी फोडल्यास तर आत जे असेल त्याला पाय असतील आणि चपटं अंग, कधी अंगावर मेणासारखी पांढरी भुकटी. ते सायलाचं पिल्लू, मोसंबी-लिंबावर जो सायला येतो त्या जातकुळीतलं. पिल्लू गाठीत रस ओढून वाढतं आणि गाठ तडकली की बाहेर येतं, म्हणून जुन्या गाठींना गोल भोक नसतं, त्या उकललेल्या दिसतात.

म्हणजे बघ, पहिल्यापासून उघडं तोंड असेल तर बहुतेक कोळी, बंद खोलीत बिनपायाची अळी असेल तर माशी, मग ती मिजमाशी की गांधीलमाशी, आणि पायवालं पिल्लू असेल तर सायला नाहीतर मावा. याला अपवाद आहेत, पण सुरुवातीला एवढं पुरतं.

गांधीलमाशीच बघायची असेल तर उंबराचं फळ फोड. आपण म्हणतो उंबराचं फूल कुणाला दिसत नाही, ते दिसत नाही कारण फुलं फळाच्या आत असतात, शेकडो, आणि त्यातल्या काही फुलांच्या बारीक गाठी होऊन त्यात गांधीलमाश्याच वाढतात. त्याच माश्या दुसऱ्या उंबराला पराग नेतात, त्या नसतील तर उंबराला बी धरणार नाही. आपण फोडल्यावर किडे निघाले म्हणून टाकून देतो, झाडाचं मात्र त्यांच्यावाचून चालत नाही.

प्रश्न: आमचा मिरज तालुक्यात पानमळा आहे. वेलाला आधार म्हणून शेवरी, शेवगा आणि काही पांगारा आहे. पांगाऱ्याची पानं आखडून गोळा होतात, देठ सुजून जाड होतात, सुजेवर बारीक भोकं दिसतात आणि शेंडा वाढत नाही. व्हायरस आहे असं एकजण म्हणाला. वेलावर येईल का?

उत्तर: दादा, पहिलं म्हणजे वेलावर येणार नाही, ती काळजी सोडा. आणि तुम्ही सुजेवरची भोकं बघितलीत ते फार चांगलं केलंत, कारण व्हायरसला भोकं पडत नाहीत. तुमचं वर्णन पांगाऱ्याच्या गाठमाशीला तंतोतंत जुळतं. ही खरीच गांधीलमाशी, पण ओकवाल्यांच्या कुळातली नव्हे, लांबी दीड मिलिमीटरच्या आतबाहेर, नाव क्वाड्रास्टिकस एरिथ्रिनी. शास्त्राला ती माहीत झाली तीच २००४ मध्ये, आणि पुढच्या दोनेक वर्षांत हवाई बेटांपासून केरळपर्यंत पोचली. केरळात मिऱ्याचे वेल पांगाऱ्यावर चढवतात, तिथं तुमच्यासारखीच अडचण झाली, आधारच खचायला लागला. हवाईत त्यांचा स्थानिक पांगारा मरायला लागला तेव्हा त्यांनी आफ्रिकेतून या माशीवर जगणारी दुसरी एक माशी शोधून आणली आणि २००८ मध्ये सोडली, त्यानं बराच फरक पडला.

तुमच्या हातात आहे ते असं. सुजलेले शेंडे भोकं पडायच्या आधी, हिरवे असतानाच छाटा आणि जाळून टाका, बांधावर टाकून ठेवलेत तर माश्या तिथूनच निघतील. नवीन पांगारा लावताना फांद्या रोगट मळ्यातून आणू नका, ही माशी लांब पसरते ती बहुतेक अशीच, कारण आपण पांगारा फांदीनंच लावतो. शक्य असेल तिथं पुढच्या लावणीला शेवगा-शेवरीच ठेवा. आणि फवारणीच्या मागे लागू नका, अळी गाठीच्या आत आहे, वरून मारलेलं औषध तिच्यापर्यंत पोचणं अवघड, उलट पानमळ्यातलं पान लोक तोंडात घालतात हे तुम्हाला मी काय सांगायचं. तरी एक सुजलेला शेंडा प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून कृषी विज्ञान केंद्रात दाखवून खात्री करून घ्या.

बांधावर निलगिरी असेल तर तिच्याही पानाची मधली शीर आणि देठ बघा, ओळीनं टेंगळं आलेली दिसली तर ती निलगिरीची गाठमाशी, लेप्टोसायबे इन्व्हेसा, ती निलगिरीसारखीच ऑस्ट्रेलियातून आलेली आणि तिचंही नामकरण २००४ सालचंच.

प्रश्न: वाळवा तालुक्यातून. सोयाबीन उपटलं तर मुळावर गाठी, टोमॅटो उपटला तरी मुळावर गाठी. कृषी सहायक म्हणतात सोयाबीनच्या चांगल्या आणि टोमॅटोच्या वाईट. गाठ ती गाठ, फरक कसा ओळखायचा?

उत्तर: ते बरोबर सांगतात. सोयाबीनची गाठ मुळाच्या कडेला मणी चिकटवल्यासारखी असते, नखानं ओढली की सुटून येते, आणि फोडली की आत गुलाबी-तांबूस. त्यात रायझोबियम जिवाणू हवेतला नत्र पिकाला देतात. टोमॅटोची गाठ सुटत नाही, कारण ते मूळच सुजलेलं आहे, आत सूत्रकृमी. आत गुलाबी रंग नाही, मुळं आल्याच्या गड्ड्यासारखी वेडीवाकडी, आणि झाड दुपारी माना टाकतं. त्या जागेवर पुढच्या हंगामात टोमॅटो, वांगी, भेंडी घेऊ नका, झेंडू घ्या, उपटलेली मुळं शेताबाहेर नेऊन नष्ट करा.

प्रश्न: सांगलीहून. माझा मुलगा सातवीत आहे, करंजाचा फोटो बघितल्यापासून रोज गाठी गोळा करतोय. घरी गाठीतून किडा बाहेर निघेपर्यंत ठेवता येईल का? आत्तापर्यंत दोनदा ठेवल्या, दोन्ही वेळा बुरशी आली.

उत्तर: येईल की, आणि ठेवू द्या त्याला. बुरशी आली कारण झाकण घट्ट लावलं असणार. काचेची बरणी घ्या, तळाला टिपकागद नाहीतर वर्तमानपत्राचा तुकडा, तोंडाला जुन्या सुती साडीचा तुकडा दुहेरी करून रबरबँडनं बांधा, मच्छरदाणीचं कापड नको, हे किडे त्यातून आरामात निघून जातात. उन्हात ठेवू नका. एका बरणीत एकाच झाडाच्या गाठी, आणि गाठी कोवळ्या नकोत, पूर्ण वाढलेल्या पण भोक न पडलेल्या घ्या, कारण कोवळी गाठ तोडली की अळीचं जेवण वाळतं आणि ती मरते. आंब्याची पानं सुरुवातीला सोपी, करंजाच्या नको, त्यातले कोळी त्याला भिंगातूनही धड दिसायचे नाहीत.

एक गोष्ट त्याला आधीच सांगून ठेवा नाहीतर गोंधळेल. बरणीत जे निघेल तो गाठीचा मालकच असेल असं नाही. गाठीत बसलेल्या अळीला शोधत दुसऱ्या बारक्या गांधीलमाश्या येतात, लांब सुई आत घुसवून अळीवर अंडं घालतात आणि त्यांची पिल्लं मालकाला खाऊन मोठी होतात, मग भोक पाडून बाहेर येतात त्या त्याच. आंब्याच्या गाठीतून मिजमाशीऐवजी हिरवी निळी चकाकणारी चार पंखांची माशी निघाली तर समजा तसं झालंय. मिजमाशीला पंख दोनच. तेव्हा पंख मोजायला सांगा त्याला.

रोज सकाळी एकदा बघायचं, उघडायचं नाही. काही निघालं की बरणीवर तारीख लिहायची आणि फोटो काढायचा, फोटोत शेजारी एक ज्वारीचा दाणा ठेवायला सांगा म्हणजे आकार कळतो. फोटो आम्हाला पाठवा, गाठीचं पान दोन्ही बाजूंनी आणि निघालेला किडा, दोन्ही.